म्हातारीची भूक

आमच्या विभागाची म्हातारी फ्रीजच्या दुसऱ्या खणात राहते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो काचेच्या नळीतल्या जेलीवर पसरलेला पिवळट थर आणि नळीवर चिकटवलेली पट्टी. ती एक जिवाणू आहे. म्हणजे खरं तर कोट्यवधी जिवाणू आहेत, पण घरातल्या सर्वांत मोठ्या बाईबद्दल जसं जरा दबून बोलतात, तसं तिच्याबद्दल बोलायचा रिवाज आहे. "म्हातारीचं जेवण झालं का?" असं सोमवारी सकाळी कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ एवढाच, की जुन्या नळीतला कणभर थर तारेच्या टोकावर घेऊन नव्या नळीत लावला का. हे काम विभागात सर्वांत शेवटी आलेल्या विद्यार्थ्याचं. मी आले तेव्हा ते माझ्याकडे आलं. माझ्यानंतर कुणी आलंच नाही, त्यामुळे ते माझ्याच गळ्यात राहिलं.

तिची जन्मकथा विद्यापीठाच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत असते. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा इथे एक इमारत, एक वसतिगृह आणि बाकी सगळा माळ होता. आमच्या विभागाचे पहिले प्रमुख, ज्यांना आम्ही मूळपुरुष म्हणतो, ते एकदा वसतिगृहाच्या मागून चालले होते. पोरांनी कपडे धुतलेल्या पाण्याचा फेस गटारातून वाहत होता, आणि थोडं पुढे गेल्यावर तो आपोआप नाहीसा होत होता. दुसरा कुणी असता तर नाक दाबून पुढे गेला असता. मूळपुरुषांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते गटारात उतरले. साबण खाणारा जिवाणू त्यांना तिथे सापडला. मग परदेशातून माणसं आली, सरकारकडून पैसे आले, दुसरी इमारत उभी राहिली. आमचं विद्यापीठ ज्ञानाच्या पायावर उभं आहे, असं कुलगुरू दर भाषणात सांगतात. गटाराच्या, असं आम्ही मागच्या रांगेत पुटपुटतो.

मूळपुरुषांच्या काळात म्हातारी साबणावर तुटून पडायची. मग मधेच कधीतरी तिची भूक गेली. माझे गाइड तेव्हा विद्यार्थी होते. त्यांनी तिच्यापुढे साबण ठेवला, तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शिवाय मूळपुरुषांनी काढलेल्या चित्रांत ती काडीसारखी लांब होती, ती सरांना वाटाण्यासारखी गोल दिसली. पूर्वी पांढरी होती, ती पिवळी दिसली. साध्या माणसाला यावरून एक साधी शंका आली असती. पण साधी माणसं आमच्या विभागात घेत नाहीत. सरांनी सिद्धांत मांडला, की गटारातून उचलून काचेच्या नळीत आणलेल्या जिवाला आयतं मिळायला लागलं की तो कष्टाचं खाणं विसरतो, आक्रसतो आणि पिवळा पडतो. याला भूकमांद्याचा सिद्धांत म्हणतात. त्यावर सरांना पीएचडी मिळाली, मग नोकरी, मग प्रमुखपद. त्यावर चर्चासत्रं झाली, निबंध छापून आले, बहुतेक आमच्याच विद्यापीठाच्या नियतकालिकात. त्याचे संपादकही सरच आहेत.

मी हा सिद्धांत घरी सांगितला तेव्हा माझ्या आत्याला तो एका दमात पटला. "म्हातारपणी होतंच गं असं," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई शेवटी शेवटी अशाच झाल्या होत्या. गोल नव्हे, पण पिवळ्या."

माझा प्रबंध या भूकमांद्याच्या कारणांवर होता. पाच वर्षं मी म्हातारीपुढे नाना तऱ्हेचे साबण ठेवले. कपड्यांचे, अंगाचे, भांड्यांचे, पातळ, घट्ट, वासाचे, बिनवासाचे. हट्टी पोरामागे ताट घेऊन फिरणारी आई आणि मी यांत फरक एवढाच, की पोर कधीतरी एक घास घेतं. म्हातारी खात नव्हती आणि मरतही नव्हती. प्रत्येक वेळी ती किती जगली याचे आकडे मी मांडून ठेवत होते. सर ते आकडे पाहून खूश व्हायचे आणि म्हणायचे, "बघ, कसा स्वाभिमान आहे!"

नोंदणीची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती. या सत्राच्या शेवटी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि मग सगळं पहिल्यापासून. या वयात पहिल्यापासून काही सुरू करायची माझी तयारी नव्हती. सुदैवाने प्रबंध टाइप होऊन तयार होता. पहिल्या पानावर सरांची सही तेवढी बाकी होती.

आणि नेमकं तेव्हाच विद्यापीठाला शंभरावं वर्ष लागलं.

शताब्दी म्हटल्यावर कुलगुरूंच्या अंगात वारं शिरलं. मुख्य फाटकावर म्हातारीचा दोन मजली फलक लागला. सूक्ष्मदर्शकातून काढलेला तो फोटो एवढा मोठा केला, की बटाट्याचं पोतं फुटल्यासारखं दिसत होतं. खाली ओळ होती, 'आमची शंभर वर्षांची साथीदार'. शिवाय डीएनए वाचणारं एक नवं मशीन आलं. त्याची फीत कापून झाल्यावर कुलगुरूंनी जाहीर केलं, की या यंत्रावर सर्वांत आधी म्हातारी वाचली जाईल. टाळ्या पडल्या. सरांचे डोळे भरून आले. नमुना तयार करायचं काम अर्थातच माझ्याकडे.

मशीनने वाचून सांगितलं, की हा माणसाच्या कातडीवर सर्रास आढळणारा एक जिवाणू आहे. तो गटारात राहत नाही. साबण तर त्याने सात जन्मांत खाल्लेला नाही.

मला आधी हसू आलं. मग मी खाली बसले, कारण माझा अख्खा प्रबंध, एखादा जीव जे कधीच करत नव्हता ते त्याने का सोडलं, या विषयावर होता. मी दुसऱ्या नळीतून नमुना घेतला, मग तिसऱ्या. मशीन आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. शेवटी मी सरांच्या खोलीत गेले.

"मशीन नवीन आहे," सर म्हणाले. "नव्या मशीनला आधी नीट वाचता येत नाही."

"सर, त्याच मशीनने शेजारच्या विभागाचं यीस्ट बरोबर वाचलं."

"यीस्ट सोपं असतं." त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही वेगळं छापलं असेल. "तू हात धुतले होतेस ना?"

हे आमच्या विषयाच्या माणसाला विचारणं म्हणजे शिंप्याला सुईत दोरा ओवलास का विचारण्यासारखं आहे. "हातमोजे घातले होते, सर," मी म्हटलं, आणि त्या 'सर'वर जरा जास्तच जोर दिला.

"चिडू नकोस. आपल्या सगळ्या नळ्या एकाच नळीच्या लेकी. ती एक बिघडली असेल. बाईंकडे पूर्वी वेगळी प्रत असायची. आजेसरांच्या वेळची पण एखादी कुठे असेल. दोघांना विचारून ये." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तोवर कुणाजवळ बोलू नकोस."

आजेसर म्हणजे माझ्या गाइडचे गाइड. आमच्याकडे नाती अशीच लावतात. बाई त्यांच्या बरोबरीच्या, पलीकडच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दोघंही निवृत्त होऊन जमाना झाला, पण दोघांचाही दरारा असा, की त्यांच्याबद्दल बोलताना आमचे सर अजून शर्टाचं वरचं बटण लावतात.

बाई ग्रंथालयामागच्या गल्लीत राहतात. माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुझे सर काय म्हणाले?"

"मशीन चुकतंय म्हणाले."

"मशीन नाही चुकत, बाळ," बाई म्हणाल्या. "बस नीट. बिस्किट घे."

मी बिस्किट घेतलं. एका सुट्टीत म्हणे आमच्या इमारतीची रंगरंगोटी चालू होती. रंगाऱ्यांनी आपला दिवा लावायला बाईंच्या फ्रीजचा प्लग काढला आणि तो परत लावायचं काही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाई सुट्टीवरून आल्या, तोवर उन्हाळ्याने म्हातारीला शिजवलं होतं.

"मी तिथेच फरशीवर बसले," बाई म्हणाल्या. "मूळपुरुषांनी स्वतःच्या हाताने दिलेली नळी! कुणाला तोंड कसं दाखवू? मग तुझ्या आजेसरांकडे गेले. एक जास्तीची प्रत हवी आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच काढून दिली, सज्जन माणूस. नव्या नळीत लावली तर तीन दिवस काही उगवेना. हातमोजे तेव्हा कोण वापरत होतं? मी आपली दर तासाला बूच काढून बघते, त्याच हातांनी परत बसवते. चौथ्या दिवशी एक पिवळा ठिपका आला. अगं, किती रडले मी!"

"पिवळा का, असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण जिवंत होती! वाचलेल्या माणसाला कुणी त्याचा रंग विचारतं का?" बाईंनी कप पुन्हा उचलला. "मग त्यांना परतफेड म्हणून मीही एक ताजी नळी पाठवली. पण त्यांच्याकडची अस्सल असणारच. तुमची नळी तिकडून आलेली ना? मग ती कशी बिघडली, हे मला कळत नाही."

मला कळायला लागलं होतं, पण मी बिस्किट संपवलं आणि उठले.

आजेसर विभागाच्या वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचत बसले होते. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी येतात आणि शेवटच्या पानावरचं शब्दकोडं शाईच्या पेनाने सोडवतात, त्यामुळे मग ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही. मी बाईंची हकिकत सांगितली. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग घडीची घडी, मग तिचीही घडी, आणि ती हातरुमालाएवढी झाल्यावर म्हणाले, "मी दिलेली नळी मेलेली होती."

"काय?"

"माझी महिनाभर आधीच गेली होती. उबवणपेटीचं बटण मी उलट्या बाजूला फिरवलं. चष्मा लावला नव्हता." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "बाईंकडून प्रत मागावी असं ठरवत होतो. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. तर एके दिवशी त्याच माझ्या दारात! एवढ्या मोठ्या बाई काही मागताहेत आणि माझ्याकडे नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? फ्रीजमधली मेलेली नळी काढून दिली. म्हटलं, त्यांची स्वतःची आहेच. ही जास्तीची उगवली नाही, तर टाकून देतील."

"आणि मग त्यांनी तुम्हाला जिवंत पाठवली."

"मी चाट पडलो. मला वाटलं, बाईंच्या हाताला गुण आहे."

"हात होता, आजेसर," मी म्हटलं. "गुण नव्हता."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो. विभागातली सगळी चर्चासत्रं, सगळे निबंध, फाटकावरचा दोन मजली फलक हे सारं काही बाईंच्या तळहाताबद्दल होतं! हसता हसता माझ्या डोळ्यांपुढे सरांचा चेहरा आला आणि माझं हसू आटलं. या सगळ्यात ज्याने काहीच मारलं नव्हतं, काहीच लपवलं नव्हतं, असा एकच माणूस होता. त्याने बिचाऱ्याने समोर दिसलं ते खरं मानलं होतं आणि त्यावर आयुष्य रचलं होतं.

"त्यांना तुम्ही दोघांनी सांगायचं," मी आजेसरांना बजावलं. मला इतका राग आला होता, की समोर कोण बसलंय याचाही मला विसर पडला. "मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी दोघं सरांच्या खोलीत आले. सरांनी वरचं बटण लावलं, खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. आधी बाई बोलल्या, मग आजेसर. आजेसरांचं निम्मं बोलणं होतं न होतं तोच बाई खुर्चीत ताठ झाल्या.

"मेलेली नळी दिलीत तुम्ही मला?"

"तुम्हीही जास्तीची म्हणूनच मागितलीत ना?"

"मी चार दिवस जेवले नव्हते!"

"आणि मी महिनाभर झोपलो नव्हतो, बाई!"

इतकी वर्षं एकमेकांना अहो-जाहो करून आदराने वागवणारी ती दोन माणसं नळावर भांडल्यासारखी भांडायला लागली. सर मधे बसून कधी इकडे, कधी तिकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "चहा गार होतोय," आणि दोघं गप्प झाली.

"मला एकच कळत नाही," सर म्हणाले. "माझ्या व्हायवाला सर, तुम्ही गाइड होतात आणि बाई, तुम्ही परीक्षक. सभागृह भरलं होतं. मी इतकी तयारी केली होती, की प्रश्नांची उत्तरं झोपेत बडबडत होतो. आणि एकही प्रश्न आला नाही. एकही. मी बाहेर आलो आणि आईला सांगितलं, की कुणाला एक प्रश्न काढता आला नाही." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. "मी हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो."

मलाही सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, मान वर करून.

"विचारलं असतं तर तू मूळ नळी बघायला मागितली असतीस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मला वाटायचं, यात चोर मी एकटीच."

"मलाही तसंच वाटायचं," आजेसर म्हणाले. "आणि तू एवढा खूश होतास रे."

मला सरांची इतकी दया आली, की तिथून पळून जावंसं वाटलं. पण सत्र संपत आलं होतं, आणि दया येणं एक, मुदत जाणं दुसरं. मी घसा खाकरला.

"सर, माझ्या शीर्षकाचं काय करायचं?"

तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू मयताच्या घरी मी जेवणाची वेळ विचारली होती. पण मी नेटाने बोलत राहिले. माझे आकडे खोटे नव्हते. कातडीवरचा हा जिवाणू साबणाच्या पाण्यात किती काळ तग धरतो, हे माझ्याइतकं जगात कुणी मोजलं नसेल. दवाखान्यांना ते कामाचं होतं. शीर्षक बदललं, दोन प्रकरणं काढून टाकली, की प्रबंध उभा राहत होता. अडचण एवढीच होती, की शीर्षक बदलायला गाइडने लेखी कारण द्यावं लागतं आणि ते समितीपुढे वाचलं जातं. म्हणजे शताब्दीच्या वर्षात, सगळ्या प्रमुखांसमोर, म्हातारी मेली हे सरांना स्वतःच्या सहीने सांगावं लागणार होतं. त्यांचा सिद्धांतही तिच्याबरोबरच जाणार होता.

"विचार करतो," सर म्हणाले, आणि छत्री विसरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीला कुलूप. तिसऱ्या दिवशीही. फोन उचलेनात. कुलगुरूंच्या कार्यालयातून निरोपांवर निरोप येत होते, की मशीनने म्हातारी वाचली का, स्मरणिका छापायला जायची आहे. मी सांगत होते, अजून वाचतंय.

घरी मी दोन पहिली पानं छापून समोर ठेवली. एक जुन्या शीर्षकाचं, एक नव्या. जुन्या पानावर सर आनंदाने सही करतील हे मला पक्कं ठाऊक होतं. बाई बोलणार नव्हत्या, आजेसर बोलणार नव्हते. मशीनचा कागद माझ्या पिशवीत होता.

"जुन्याच नावाने देऊन टाक ना," आत्या म्हणाली. "कोण बघतंय? मेली ती मेली. तुझं तरी होऊन जाईल."

"आणि उद्या माझा एखादा विद्यार्थी झाला, तर?"

"तर त्याला चांगला साबण दे."

आई वाळलेले कपडे घेऊन आत आली. ती म्हणाली, "पाच वर्षं तुझ्या हाताला त्या कसल्या कसल्या साबणांचा वास येतोय. एवढं करून खोटं नाव लावणार असशील, तर मला तुझ्या त्या समारंभाला बोलावू नकोस." आणि कपडे घडी करायला लागली. आईचा मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

मी दोन्ही पानं घेऊन सरांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढली होती, शर्टाची सगळी बटणं उघडी. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाची जाडजूड प्रत पडली होती आणि तिच्यात जागोजागी लाल पेन्सिलीच्या खुणा.

"तू यातलं कुठलं देणार आहेस?" पानं बघून त्यांनी विचारलं.

"नवं. पण तुम्ही सही केलीत तरच."

"आणि नाही केली तर?"

"तर नोंदणी रद्द होईल, सर," मी म्हटलं, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू मला तिथे उंबऱ्यावरच फुटलं.

सरांनी मला पाणी दिलं. मग चष्मा लावून नव्या पानावर सही केली आणि कारणाच्या चौकटीत स्वतःच्या अक्षरात एकच वाक्य लिहिलं, 'मूळ जिवाणू फार पूर्वी मेला असून त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याच जिवाणूवर मी चुकून सिद्धांत मांडला.' ते वाचून त्यांनी 'चुकून' हा शब्द खोडला आणि मग पुन्हा लिहिला. "चुकूनच होतं ना गं?" ते म्हणाले.

समितीत ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा कुलगुरूंच्या तोंडचं पाणी पळालं. उत्सव होईपर्यंत थांबता येणार नाही का, असं त्यांनी विचारून पाहिलं. सर म्हणाले, म्हातारी थांबली नाही, तर आपण कशाला थांबायचं. फलकाचं काय करायचं यावर तासभर खल झाला. एवढा मोठा फलक उतरवायचा खर्च लावण्याच्या खर्चापेक्षा जास्त निघाला, म्हणून फोटो तसाच ठेवून खालची ओळ तेवढी बदलली. आता तिथे लिहिलं आहे, 'स्वच्छ हात, निरोगी विद्यापीठ'.

माझ्या व्हायवाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. माझ्यासाठी नव्हे. म्हातारी मेल्याची बातमी कँटीनपासून कुलसचिवांपर्यंत पोचली होती आणि जो तो मौतीला आल्यासारखा गंभीर चेहरा करून आत शिरत होता. पहिल्या रांगेत एका टोकाला आजेसर, दुसऱ्या टोकाला बाई. अजून अबोला होता. त्यांच्या मागे आई आणि आत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी मला एक गोड प्रश्न विचारला, मी गोड उत्तर दिलं, आणि ते अभिनंदन म्हणायला तोंड उघडणार एवढ्यात सर उभे राहिले.

"मला काही प्रश्न आहेत."

अध्यक्ष गोंधळले. "सर, गाइडने प्रश्न विचारायची पद्धत नाही."

"न विचारायची पद्धत आपण पुष्कळ वर्षं चालवली," सर म्हणाले. "बघा काय झालं ते."

आणि त्यांनी मला धारेवर धरलं. नळ्यांवर विचारलं, पाण्यावर विचारलं, एकेका आलेखाच्या मानगुटीवर बसले. हा आकडा कशावरून? उलट का नसेल? दुसऱ्याच्या हातून करून पाहिलंस का? मला घाम फुटला. मी फळ्यावर लिहीत होते, पुसत होते, भांडत होते. मला खूप राग येत होता आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं, कारण इतक्या वर्षांत माझं काम इतकं मन लावून कुणी वाचलं नव्हतं. मागून आत्याचा आवाज आला, "अगं, हे आपल्याच बाजूचे ना?" आईने तिला गप्प केलं.

"शेवटचा प्रश्न," सर म्हणाले. "जुने प्रमुख चुकले, ते शरमेपोटी. मी चुकलो, तो आनंदाच्या भरात. पण तू तर पाच वर्षं रोज तिला साबण घालत होतीस. ती मूळची म्हातारीच नव्हे, हे तुला का दिसलं नाही?"

मी खडू हातात घेऊन उभी राहिले. मी आठवून पाहिलं, एखादं शहाणं वाक्य शोधून पाहिलं. काही मिळालं नाही.

"माहीत नाही, सर."

सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, जे सिद्धांताच्या चर्चासत्रांतही मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे उत्तर मला चालेल," ते म्हणाले. "मला कुणी इथवर येऊच दिलं नाही."

बाहेरच्या परीक्षकांनी गाडीचा नाद केव्हाच सोडला होता. त्यांनी शिफारशीचा कागद ओढला आणि तिथल्या तिथे सही केली. टाळ्या सुरू झाल्या, आत्याने शिट्टीसुद्धा मारली असती, पण तेवढ्यात पहिल्या रांगेत बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. टाळ्या थांबल्या.

"मलाही काही विचारायचं आहे," बाई म्हणाल्या. "हिला नाही. तुला." आणि त्यांनी सरांकडे बोट केलं. "तुझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात. काडीची गोळी कशी झाली, त्याचा पुरावा तू कुठे दिला आहेस?"

सरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यापाशी जाऊन ताठ उभे राहिले.

"कुठेच नाही, बाई," ते म्हणाले. "विचारा पुढचा."